तुम्ही विचारलंत म्हणून: अपालाच का?

“एवढी नावं होती, मग मुलीचं नाव अपालाच का?” सोळा वर्षं हा प्रश्न ऐकतेय. अपर्णा नाही, अपाला. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातल्या ९१व्या सूक्ताची ऋषिका, अत्रीची मुलगी. एवढं सांगितलं की विचारणारे “अरे वा” म्हणतात आणि विषय संपतो. माझा संपत नाही, म्हणून आज सगळंच लिहिते.

घोषा, विश्ववारा, लोपामुद्रा, या सूक्तकर्त्यांची नावंही मनात होती. पण अपालाच्या सात ऋचा अर्थासकट वाचल्या आणि तिथेच थांबले. पाण्याला निघालेल्या मुलीला वाटेत सोम सापडतो, ज्याचा रस देवांना देत ती वनस्पती. तो दगडानं न ठेचता ती दातांनी चावून रस काढते, इंद्राला देते आणि पाचव्या ऋचेत मागते: वडिलांच्या डोक्यावर केस उगवू देत, त्यांचं शेत उगवू दे, मग माझं अंग. स्वतःसाठीचं मागणं शेवटी! शेवटच्या ऋचेत इंद्र तिला तीनदा शुद्ध करून ‘सूर्यत्वचा’ करतो. अशी मुलगी आपली असावी असं वाटलं, यात काय चुकलं?

चुकलं ते पुढे. लेकीला मी फक्त ‘सूर्यासारखी कांती’ सांगितली.

आठवीत संस्कृतच्या तासाला प्रत्येकानं आपापल्या नावाची फोड करायची होती. अ म्हणजे नाही, पाल म्हणजे सांभाळणारा. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “म्हणजे अनाथ.” ती घरी आली तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. दप्तर पाठीवरच. फोन माझ्यासमोर धरला आणि मोठ्यानं वाचलं: त्वचेचा रोग, म्हणून नवऱ्यानं टाकलेली. “तुला माहीत होतं?”

माझ्या हातात तिचाच गणवेश होता. मी तो पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. “हो.”

“मग अर्धंच का सांगितलंस?”

मी वकिलीच सुरू केली. ऋचांमध्ये रोगाचं नावसुद्धा नाही, ती गोष्ट नंतरच्या परंपरेनं जोडलेली. ‘पतिद्विष्’ या शब्दाचे अर्थ दोन्ही बाजूंनी लावतात, नवऱ्याला नकोशी किंवा नवरा जिला नकोसा. आणि अपाला म्हणजे जिला राखणदार लागत नाही अशी! ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “लागत नाही असं कुठे लिहिलंय? नाही, एवढंच लिहिलंय.”

व्याकरण तिच्या बाजूनं होतं. ‘लागत नाही’ हे मी माझ्या पदरचं घातलं होतं.

तेव्हाची मी म्हणायची, अर्थ कोण बघतं, नाव कानाला गोड हवं. त्या तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, मग २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’, म्हणजे नकोशी, अशा नावाच्या २८५ मुलींना नवी नावं का द्यावी लागली? त्यांच्या नावातला ‘नको’ रोज हाक मारताना ऐकू येत होता. माझ्या लेकीच्या नावातला ‘नाही’ संस्कृतात झाकलेला, एवढाच फरक का? नाही, तसंही नाही. तिथे मुलगी नको होती, म्हणून ते नाव. मला ही हवी होती, फार हवी होती. पण हे नावातून दिसत नाही, मला सांगावं लागतं, आणि मी ते सांगितलं नव्हतं.

नाव बदलायचं का, असं मी तिला दोनदा विचारलंय. पहिल्यांदा ती हो म्हणाली, दुसऱ्यांदा “थांब”. वह्यांवर सध्या नुसतं ‘अ.’ लिहिते. परवा एका पाहुण्यांनी तोच प्रश्न विचारला, मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, “दातांनी सोम चावणारी होती ती.” बाकीचं तिनंही सांगितलं नाही.