विंगेतल्या बाबांनी शिकवलेलं

आमचे बाबा जत्रेच्या नाटकात स्टेजवर कधी दिसले नाहीत, ते विंगेत वही घेऊन बसायचे, प्रॉम्प्टर, म्हणजे नट अडला की हळूच पुढचं वाक्य सांगणारे. गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या वाड्यावर जत्रा म्हणजे रात्री मराठी नाटक ठरलेलंच, शेतकरी, बस ड्रायव्हर, पसरकार (दुकानदार) सगळे नट, आणि एन्ट्रीआधी त्यांचे हात कसे गार पडतात ते बाबांनी जवळून बघितलेलं. म्हणून आठवीत मी १ ऑगस्टच्या टिळक पुण्यतिथीला भाषणासाठी नाव दिलं आणि मग मला जेवण जाईना, तेव्हा "घाबरू नको" असं ते बोललेच नाहीत. म्हणाले, "भीती सगळ्यांना वाटते गो, इतकी वर्षं राजाचं काम करणाऱ्यालाही. ती जायची वाट बघितली तर पडदा उघडायचाच नाही."

मग सांगितलं ते एकदम साधं. अख्खं भाषण घोकायचं नाही, घोकलेल्यातला एक शब्द सुटला की पुढचं सगळं अडतं, पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं तेवढं पक्कं, मधले मुद्दे चिठ्ठीवर. उभं राहायच्या आधी श्वास सावकाश सोडायचा, त्याने धडधड खरंच कमी होते (घाबरल्यावर अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हात थरथरतात हे मी खूप नंतर वाचलं, बाबांना ते नाव ठाऊक नव्हतं पण उपाय ठाऊक होता). बघायचं शेवटच्या रांगेकडे, म्हणजे आवाज आपोआप तिथपर्यंत जातो.

आणि मध्येच आठवलं नाही तर गप्प राहायचं! मला सगळ्यात जास्त हेच उपयोगी पडलं. नट अडला की त्याला वाटतं केवढा वेळ गेला, पण समोरच्यांना वाटतं तो विचार करतोय, लोकांना कळतं ते तो गांगरून विंगेकडे बघतो तेव्हाच, असं बाबा सांगायचे.

घरी कोंकणी आणि शाळेत मराठी, त्यामुळे भलताच शब्द तोंडातून जाईल ही धास्ती आमच्यातल्या बऱ्याच जणांना असायची. त्यावर बाबांचं म्हणणं, आमचे नटही घरी कोंकणीच बोलतात, मराठी तालमीत बसते. म्हणून तालीम आधी तुळशीपुढे, मग आजीपुढे, मग शेजारच्या काकूंना बोलावून, आणि मी घाई केली की आई आतून ओरडायची, "सावकाश उलय!" (म्हणजे बोल)

नंबर आला नाही पण १९ डिसेंबरच्या मुक्तिदिनाला मी परत नाव दिलं, आज ग्रामसभेत उठून प्रश्न विचारते, हात अजून गार पडतात.

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवात सर आणि बाईंकडे एकच मागणं आहे, गप्प मुलांना थेट माईकपुढे उभं करू नका, आधी प्रार्थनेनंतरचा सुविचार वाचायला द्या, मग बातम्या, मग दोघांनी मिळून सूत्रसंचालन. आणि पालकांनो, पाहुण्यांसमोर "ही लाजाळू आहे हो" असं कृपया सांगू नका, मुलं ते ऐकतात आणि तसंच धरून बसतात. आमच्या बाबांनी ते कधीच सांगितलं नाही, कुणी विचारलंच तर "थोडा वेळ द्या तिला, बोलेल" इतकंच म्हणायचे.