दोन चमचे विरजण

महिनाभर मुलीकडे पुण्याला राहून इंदूरला परतले आणि फ्रिज उघडला, तर दह्याच्या वाटीवर गुलाबी बुरशी. नऊ वर्षं एका दह्यातून दुसरं लावत आलेलं विरजण बुडालं. मुलीला फोन केला तर म्हणाली, "अगं आई, मग मागव ना! दहा मिनिटांत येतं."

आलं. आठच मिनिटांत आलं. पोरगा घामाघूम होता, पण पाणी विचारेपर्यंत लिफ्टचं दार मिटलंसुद्धा. त्या दह्यातलं चमचाभर दुधाला लावलं. लागलं, नाही असं नाही, पण चमचा वर उचलला की तार सुटायची. अशा दह्याची कढी करणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

मग रिकामी वाटी घेऊन मी बाहेर पडले आणि आमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये थबकले. या मल्टीत येऊन मला चार वर्षं झाली. (बिल्डिंगला 'मल्टी' म्हणतात हे पुण्यात सांगितलं की लोक हसतात. हसोत.) मजल्यावर माझ्याखेरीज तीन दारं आहेत. त्यांतल्या एकाला मी ५०२ म्हणून ओळखते, एकाला कुत्र्यावरून. तिसरं बहुधा बंदच असतं. यांच्याकडे दही मागायचं? दही काय सोनं आहे? मागायला गेले तर समोरच्याला वाटणार, म्हातारीला फोन वापरता येत नाही, नाहीतर हिचा काहीतरी वेगळाच हेतू असणार. ५०२ची बेल वाजवली. दारावरच्या कॅमेऱ्याने मला वाटीसकट न्याहाळलं. आतल्या मुलीने दार उघडलं, गोड हसली आणि म्हणाली, "आंटी, हम तो रोज़ मंगवा लेते हैं. आपके लिए भी ऑर्डर कर दूं?" तिचा हेतू चांगलाच होता. मी 'नको बेटा' म्हणून परत आले.

रामबागेतल्या आमच्या वाड्यात विरजण मागायला कोणी लाजत नसे. मात्र त्याला वेळ होती. तिन्हीसांजेनंतर दही द्यायचं नाही, त्यामुळे दुपारी चारच्या सुमाराला वाट्या निघायच्या. विरजण दोन चमचे आणि गप्पा तासभर. कोणाकडे काय शिजलंय, कोणाची सासू आलीय, कोणाच्या मुलाला मिलमध्ये घेतलं, सगळं त्या दोन चमच्यांबरोबर जायचं. हे सगळं फार प्रेमळ होतं, असं म्हणण्याचा मोह होतो. पण माझी आई प्रेमळ कमी आणि हिशेबी जास्त होती. विरजण मागायला आलेल्या बाईला ती कधी नाही म्हणायची नाही, आणि त्याचं कारणही उघड सांगायची, "तीन घरी गेलेलं असलं की आपलं बुडत नाही." ती देवासला माहेरी जाऊन आली की दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन समोरच्या काकूंकडे हजर. स्वतःचंच विरजण परत आणायला! काकूही काही कमी नव्हत्या. वाटी भरता भरता म्हणायच्या, "वहिनी, तुमच्या लोणच्याचा मसाला काय प्रमाणात घालता हो?"

फुकट काहीच नव्हतं. पण आपलाच स्वार्थ साधायला दुसऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत जावं लागायचं, चपला काढाव्या लागायच्या, बसावं लागायचं. आता तो बसल्या जागी साधतो, एवढाच काय तो फरक पडलाय.

आमच्या सराफ्याचंच बघा ना. दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री त्यांच्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, मावाबाटी. जुने लोक सांगतात, सराफांनी हे खाण्याचे ठेले बसू दिले ते रात्रभर वर्दळ राहावी, दुकानं आपोआप राखली जावीत म्हणून. सराफाला कुलपाची काळजी, ठेलेवाल्याला पोटाची, आणि मध्यरात्री आईस्क्रीमसारखा थंड दहीबडा खात उभ्या असलेल्या आपल्याला कोणाचीच नाही. यात परोपकार कुठेय? तरी तिथे एकट्याने खाणारा माणूस मला आजवर दिसला नाही. शेजारचा अनोळखी भिया, म्हणजे आमच्याकडचा भाऊ, जीरावन (वरून भुरभुरायचा मसाला) पुढे करतोच.

खुद्द दह्यात तरी काय असतं? योगर्ट ज्या दोन जंतूंनी लागतं, त्यांतल्या एकाचं नाव स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि दुसऱ्याचं लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. (ही नावं मी एकदा पाठ केली होती, नातवावर छाप पाडायला.) दोघंही दुधातली साखर खातात ती स्वतःच्या पोटासाठी. आपल्या कढीचं त्यांना काही पडलेलं नाही. पण दुसरा दुधातली प्रथिनं मोडतो, त्यातला वाटा पहिल्याला मिळतो आणि तो वाढतो. पहिल्याकडून जे बाहेर पडतं ते दुसऱ्याला लागतं. एकेकटेही जगतात, पण एकत्र असले की दही लवकर लागतं.

पण उगीच जुन्याचे गोडवे गायचे नाहीत मला. त्या वाड्यात मी एकदा रडले होते, तेही संध्याकाळपर्यंत चार घरांत पोचलं होतं. ५०२च्या मुलीला ते नको असेल तर तिचं बरोबरच आहे. तिला रडायचं असेल तर दार लावून रडता येतं. मला वीस वर्षांची असताना अशी एक खोली मिळाली असती, तर मी विरजणावर खुशाल पाणी सोडलं असतं.

तर माझा प्रश्न सुटला तो कामवाल्या बाईमुळे. रिकामी वाटी ओट्यावर तीन दिवस बघितल्यावर तिने विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून झाकणाची छोटी स्टीलची डबी काढली. "जामन है. मेरी सास का है, कभी फेल नहीं हुआ." खरं तर या घरातून तिच्या घरी काही ना काही जायचं, आणि देताना मला जरा बरंही वाटायचं. घेताना काय बोलावं ते सुचेना. उगीच म्हटलं, कशाला त्रास घेतलास? ती भांडी घासता घासताच म्हणाली, "त्रास काहे का, भाभी? मेरा खराब हुआ तो आपसे ही तो लूंगी."

मला थेट आईच आठवली.

दूध कोमट केलं. बोट घातलं तर चटका बसू नये, पण ऊब कळावी, इतपत. डबीतलं दही घालून हलवलं आणि रात्रभर भांडं हलवलं नाही. सकाळी सुरीने कापावं असं दही. होळकरांची राजधानी १८१८च्या तहानंतर इंदूरला आली, त्या सुमाराला आमचे कोणी पूर्वज इथे आले असतील, तर त्यांच्या दह्याचं पुढे काय झालं असेल, असला एक रिकामटेकडा विचार मनात आला. विरजण दक्षिणेतलं, म्हणजे महाराष्ट्रातलं, आणि दूध माळव्यातलं. चार-सहा दिवसांत त्या दह्यात दक्षिणेचं काय उरत असेल? आमच्या मराठीत उरलंय तेवढंच, बहुतेक. आम्ही दही 'जमवतो'ही आणि 'विरजतो'ही.

गेल्या सोमवारी तिने तीच डबी माझ्यापुढे केली. घरी पाहुणे आले होते, भांडं पार चाटूनपुसून गेलं. मी मोठ्या तोऱ्यात फ्रिज उघडला, दोनाच्या जागी चार चमचे घातले. तिने बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली,

"भाभी, आपने थोड़ा खट्टा कर दिया."