दार्जिलिंगचं ‘कॉम्प्लिमेंटरी अपग्रेड’ आणि खिडकीसमोरची भिंत

“सर, आपको सुइट में अपग्रेड कर दिया है, कॉम्प्लिमेंटरी.” हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस असं हसून म्हणाला, तर आधार कार्ड खिशातच ठेवा आणि पहिल्यांदा मजला विचारा. दार्जिलिंगमध्ये बरीच हॉटेलं उतारावर बांधलेली आहेत. रिसेप्शन रस्त्याच्या पातळीला आणि कितीतरी खोल्या त्याच्या खाली.

आमचं बुकिंग होतं वरच्या मजल्यावरच्या साध्या डिलक्सचं, पण ‘माउंटन व्ह्यू’. मिळाला तो सुइट दोन मजले खाली. सोफा, टीपॉय, भिंतभर टीव्ही, आणि पडदा सरकवला तर हातभर अंतरावर दरड अडवायला बांधलेली दगडी भिंत. शेवाळलेली, पाणी झिरपणारी. उशीचे अभ्रे दमट, कपाट उघडलं की कुबट वास. दिवाळीच्या सुट्टीत, आभाळ स्वच्छ असताना, इतक्या लांब येऊन आम्ही भिंत बघत चहा प्यायलो.

यामागचा हिशोब हॉटेलवाल्याच्या बाजूने अगदी सरळ आहे. गर्दीच्या दिवसांत व्ह्यूवाल्या खोल्या असतात त्यापेक्षा जास्त विकल्या जातात. मग कुणाला तरी हलवायचं. ज्याने थेट फोन करून बुक केलंय किंवा जो ग्रुप दरवर्षी येतो त्याला कोण दुखावणार? अ‍ॅपवरून स्वस्तात आलेला एक रात्रीचा पाहुणा सापडतो. कागदावर सुइट डिलक्सच्या वरचा, त्यामुळे तक्रारीलाही जागा नाही. मी अ‍ॅपच्या कस्टमर केअरला फोन लावला तर उत्तर आलं, “सर, आपको तो हायर कॅटेगरी मिली है ना?” बोला आता!

म्हणून माझं स्पष्ट मत: अपग्रेड मागूच नका, खोली मागा. कांचनजंगा दार्जिलिंगच्या उत्तरेला आहे, तेव्हा मागणी अशी करायची: उत्तरेकडची खिडकी, रिसेप्शनच्या वरचा मजला, किचन आणि जनरेटरपासून लांब. ‘व्हॅली व्ह्यू’ या शब्दाला भुलू नका, दरी चारी बाजूंना आहे. पोचण्याच्या आदल्या दिवशी दुपारी थेट हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करा. सकाळी चेकआउटची धावपळ असते, तेव्हा कुणी ऐकत नाही. “रूम नंबर ब्लॉक करून व्हॉट्सअ‍ॅप करा” एवढंच म्हणायचं. नंबर लेखी आला की तो फिरवणं त्यांनाही अवघड जातं.

लवकर पोचणं हेही तितकंच महत्त्वाचं. बागडोगरा विमानतळाहून अंतर ७० किलोमीटरच्या आसपास, पण घाटात साडेतीन-चार तास सहज जातात. दुपारच्या विमानाने आलात तर अंधारात पोचाल आणि उरलीसुरली खोली पदरात पडेल. चौरस्ता या दार्जिलिंगच्या मुख्य चौकाजवळचं हॉटेल असेल तर गाडी दारापर्यंत जात नाही, बॅगा चढावर न्याव्या लागतात. दमलेला माणूस दाखवतील ती खोली घेतो, हे काउंटरवाल्याला पक्कं माहीत असतं. एकाने बॅगांपाशी बसावं, दुसऱ्याने खोली बघून यावं, मगच रजिस्टरवर सही.

पैसे भरून वरच्या दर्जाची खोली घेणार असाल तर आधी जीएसटी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीचं भाडं ७५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेलं की पूर्ण भाड्यावर १८ टक्के. म्हणजे ७४०० ची खोली ७७७० ला पडते आणि ७८०० ची ९२०४ ला. “सिर्फ चार सौ एक्स्ट्रा” म्हणणारा हे सांगत नाही.

हनिमून, वाढदिवस वगैरे सांगून केक मिळतो, खोली नाही. साखळी हॉटेलांच्या सिल्व्हर-गोल्ड मेंबरशिपचा इथल्या घरगुती हॉटेलांत काडीचा उपयोग नाही.



सिक्कीममधल्या पेलिंगला मात्र हाच फोनचा उपाय केला आणि काय सांगू! रविवारी रात्री पोचलो, शनिवारची गर्दी उतरून गेलेली. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, एक पैसा जास्त न देता. पहाटे साडेपाचला पांघरुणातून डोकं बाहेर काढलं तर ८५८६ मीटरचा कांचनजंगा आधी राखाडी, मग गुलाबी, मग सोनेरी. बायको चप्पल न घालताच गॅलरीत धावली. सुट्टीच्या ठिकाणी रविवार ते गुरुवारच जा, बाकी सगळ्या युक्त्या यापुढे फिक्या.

दार्जिलिंगमध्ये इतकं करूनही भिंतच मिळाली तर व्ह्यूसाठी जादा पैसे मुळीच देऊ नका. पहाटे चौरस्त्यावरून ऑब्झर्व्हेटरी हिलच्या मागच्या रस्त्याने चालत जा, कांचनजंगा समोर उभा असतो, फुकट. नऊ-दहानंतर बहुतेकदा ढग येतात. आणि रूम हीटर बऱ्याचदा खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो. आमच्याकडून रात्रीचे पाचशे घेतले आणि त्याने खोलीचा एकच कोपरा गरम व्हायचा. गरम पाण्याची पिशवी मागा. ती आम्हाला मागितल्यावर लगेच आणि फुकट मिळाली.