दोनाचे पाच आणि पाचाचे दोन

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी गेल्या रविवारी भाचा आपल्या प्रोजेक्टचा बेसिस ३ हा एफपीजीए (आतले सर्किट आपल्याला हवे तसे जोडून घेता येते अशी चिप) असलेला बोर्ड घेऊन आला. त्यावरचा चार अंकी सेव्हन सेगमेंट डिस्प्ले, म्हणजे प्रत्येक घरात सात एलईडी पट्ट्यांच्या (सेगमेंटांच्या) जुळणीतून एक अंक दाखवणारा फलक, त्याने तपासून ठेवला होता. "मामा, चारही घरांत ८ स्वच्छ उमटतो," असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. मात्र ८ मध्ये सातही सेगमेंट पेटतात. त्यामुळे एकही एलईडी निकामी नाही एवढेच कळते, कोणता सिग्नल कोणत्या सेगमेंटला जोडला गेला आहे ते कळत नाही. म्हणून मी त्याला हार्डवेअरमध्येच एक काउंटर, म्हणजे क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एकाने वाढणारी मोजणी, चालवायला सांगितले.

बोर्डाचा क्लॉक १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोक्यांचा आहे. ३२ बिटांच्या काउंटरचे (शून्यापासून मोजून) २७ ते ३० क्रमांकाचे चार बिट डिकोडरला, म्हणजे कोणत्या अंकासाठी कोणत्या पट्ट्या पेटवायच्या ते ठरवणाऱ्या भागाला दिले, तर १३,४२,१७,७२८ ठोक्यांनी, म्हणजे सुमारे १.३४ सेकंदांनी, अंक बदलतो आणि ० पासून एफपर्यंतची सोळा चिन्हे (० ते ९ आणि ए ते एफ) साडेएकवीस सेकंदांत डोळ्यांखालून जातात.

काउंटर सुरू झाला आणि पहिलेच चिन्ह वरची पट्टी नसलेले, पण मधली पेटलेली असे विचित्र आले. १ हा घराच्या उजव्या कडेला न दिसता डाव्या कडेला उभा राहिला, त्यानंतर स्पष्ट ५ आला, ३ च्या जागी इंग्रजी ई आला, आणि पुढे जिथे ५ यायला हवा होता तिथे तितकाच स्पष्ट २ उमटला. काउंटर मधले अंक गाळतो आहे, अशी भाच्याची समजूत झाली. स्विच लावून एकच ५ पाहिला असता तर आम्ही दोघांनीही तो निःशंकपणे खरा मानला असता. मोजणीचा क्रम समोर होता म्हणूनच तो २ असल्याचे लक्षात आले.

कारण साधे निघाले. सेगमेंटांना ए ते जी अशी नावे असतात: वरचा ए, तिथून घड्याळाच्या दिशेने बी ते एफ, आणि मधला जी. डिकोडरच्या तक्त्यात त्याने ए सेगमेंट सर्वांत डावीकडच्या बिटावर धरला होता, तर कोणता सिग्नल चिपच्या कोणत्या पिनेला जोडायचा ते सांगणाऱ्या कन्स्ट्रेंट फाइलमध्ये ए हा शून्याव्या, म्हणजे सर्वांत उजवीकडच्या, बिटावर होता. त्यामुळे ए आणि जी, बी आणि एफ, सी आणि ई यांची अदलाबदल झाली आणि डी तेवढा जागेवर राहिला. या अदलाबदलीत ८ जसाच्या तसा राहतो, तर २ आणि ५ एकमेकांचे रूप घेतात. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे बोर्डाशिवाय संगणकावर केलेल्या चाचणीत, हा दोष दिसला नव्हता, कारण पिनांची जोडणी सिम्युलेशनच्या कक्षेतच येत नाही.

तक्ता उलटा लिहिल्यावर अंक सुधारले, पण चारही घरांत एकच अंक असेपर्यंत घरांचा क्रम तपासला जात नाही. चारही घरांतल्या त्याच त्या सेगमेंटचे कॅथोड (एलईडीचे ऋण टोक) सामाईक असतात आणि प्रत्येक घराचा अॅनोड (धन टोक) पाळीपाळीने चालू करावा लागतो. या बोर्डावर दोन्हींना ० दिला की पट्टी पेटते. आम्ही पहिल्या घराला मोजणीचा अंक आणि पुढच्या घरांना त्यात १, २, ३ मिळवून आलेले अंक दिले, आणि घर निवडण्यासाठी त्याच काउंटरचे १८ व १९ क्रमांकाचे बिट वापरले. प्रत्येक घराच्या वाट्याला सुमारे २.६ मिलिसेकंद येतात आणि पूर्ण फेरी सेकंदाला ९५ वेळा होते, त्यामुळे चारही अंक स्थिर दिसतात.

खोलीतला दिवा मालवल्यावर मात्र प्रत्येक अंकाच्या मागे शेजारच्या अंकाची फिकट छाया दिसू लागली. अॅनोड चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर बंद व्हायला थोडा वेळ घेतो आणि तेवढ्यात सेगमेंटांवर पुढचा अंक येऊन पोहोचतो. चारही घरांत एकच अंक दाखवणाऱ्या चाचणीत हा दोष दिसणे शक्यच नव्हते, आणि काउंटरविषयीचा माझा आग्रह मुख्यतः यासाठीच आहे. घर बदलल्यानंतरचे पहिले १,०२४ ठोके, म्हणजे सुमारे १० मायक्रोसेकंद, आम्ही चारही अॅनोड बंद ठेवले. भाच्याने पुन्हा दिवा मालवला आणि एक पूर्ण आवर्तन होईपर्यंत तो डिस्प्लेवर वाकून पाहत राहिला. १ च्या डावीकडची जागा आता पूर्ण काळी होती.