तुम्ही विचारलंत म्हणून: रविवारचा सोमवार कुठला?

‘दिलेल्या तारखेचा आठवडा, सोमवार ते रविवार, लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) न घेता जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत काढता येतो का?’ असं मला बरेच जण विचारतात. येतो, आणि दोन-चार ओळींत येतो. फक्त आधी रविवारकडे नीट बघायला हवं.

तारखेचा वार आकड्यात सांगणारं ‘गेटडे’ (getDay) हे फंक्शन रविवारला 0 देतं, सोमवारला 1. म्हणून बहुतेक जण त्यातून एक वजा करून तितके दिवस मागे जातात. शनिवारपर्यंत सगळं सुरळीत चालतं. रविवारी मात्र उणे एक येतं, मागे जायचं ते आपण एक दिवस पुढे जातो आणि पुढचाच आठवडा हाती लागतो. मीही हीच चूक केली होती. कामाच्या दिवशी तपासलेला कोड बरोबरच दिसत होता.

खरा हिशोब असा: ‘गेटडे’त सहा मिळवा, सातने भागून बाकी घ्या, तितके दिवस मागे जा. 1 मार्च 2026 घ्या. रविवार आहे, बाकी सहा. महिन्यातली तारीख बदलणाऱ्या ‘सेटडेट’ला (setDate) एक वजा सहा, म्हणजे उणे पाच द्यायचं. अशी तारीख कुठल्याच महिन्यात नसते, तरी ते बिनतक्रार 23 फेब्रुवारीला नेऊन ठेवतं. सोमवार! फेब्रुवारी किती दिवसांचा, हे आपण मोजलंच नाही. मला ही सोय मनापासून आवडते.

म्हणूनच दिवसाचे मिलिसेकंद मोजून बेरीज करू नका. जिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे सरकवतात, तिथे एखादा दिवस 23 तासांचा असतो, एखादा 25 तासांचा.

आठवड्याचा शेवट मी रविवारी 23:59 असा कधीच लिहीत नाही. पुढच्या सोमवारची मध्यरात्र घेतो आणि ‘त्याआधी’ अशी अट घालतो. शेवटचा मिनिट निसटत नाही.

तारीख ‘2026-03-01’ अशी मजकूर म्हणून दिली, तर ती यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, मध्यरात्र धरली जाते. वर्ष, महिना, दिवस असे सुटे आकडे दिले तर स्थानिक. मी सुटे आकडेच देतो. महिने शून्यापासून मोजले जातात, मार्च म्हणजे 2, हे तेवढं लक्षात ठेवावं लागतं.

आठवड्याचा क्रमांक हवा असेल तर त्या आठवड्यातला गुरुवार बघा. आयएसओ 8601 या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो ज्या वर्षात पडतो, आठवडा त्या वर्षाचा. 1 जानेवारी 2027 शुक्रवार आहे, म्हणून ती तारीख 2026 च्या 53व्या आठवड्यात जाते.