ओरखडा पडलाय? आधी नख फिरवा, मग टचअपची बाटली उघडा

गाडीवर ओरखडा दिसला की लोक थेट टचअपची बाटली, म्हणजे ओरखड्यात भरायच्या रंगाची छोटी बाटली, घेऊन येतात, पण आधी तो भाग स्वच्छ धुवून ओला असतानाच नीट बघा ना. पाणी असताना ओरखडा गायब आणि वाळल्यावर परत पांढरट दिसतो, तर मामला फक्त वरच्या क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा आहे. मग नख आडवं फिरवायचं, अडकलं तर खोल आहे, नुसतं रबिंग करून जाणार नाही. आणि बऱ्याचदा तो ओरखडा नसतोच हो, खांबाचा नाहीतर दुसऱ्या गाडीचा रंग आपल्यावर चढलेला असतो, मायक्रोफायबरच्या कपड्यावर थोडं कंपाउंड (रंग घासून चकचकीत करायची पेस्ट) घेऊन घासलं की निघून जातो.

फक्त कंपाउंड जपून वापरा. क्लिअर कोट असतो साधारण 40-50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ, आणि प्रत्येक घासणीत त्यातला थोडा जातोच. पॅनलच्या कडेला रंग अजून पातळ असतो, तिथे पॉलिशचं मशीन लावलं की खालचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, कधी दिसायला लागतो कळतही नाही. टूथपेस्टवाले व्हिडिओ बघून हसू येतं, तीही शेवटी घासायचीच वस्तू, फक्त कमी कामाची.

आता पत्रा दिसत असेल तर मात्र चालढकल नको, कारण खरा प्रश्न दिसण्याचा नाही, गंजाचा आहे. गंज टोकदार कशानेतरी खरवडून चकचकीत पत्रा लागेपर्यंत काढायचा, गंजावरच रंग लावला तर गंज आतल्या आत पसरतो आणि काही महिन्यांनी फुगा येतो. मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, प्रायमर, मग रंग. शेड कोड, म्हणजे गाडीच्या नेमक्या रंगाचा क्रमांक, बहुतेक गाड्यांवर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. झाकणाला जो ब्रश येतो तो फारच जाडा, टूथपिकच्या टोकावर थेंब घ्या आणि खड्ड्यात टेकवा, तो आपोआप पसरतो. वाळताना रंग आकसून खाली बसतो म्हणून एकदम भरायचा नाही, दोन-तीन पातळ थर, आजूबाजूच्यापेक्षा किंचित वर येईपर्यंत, शेवटी क्लिअर. आठवडाभर तरी हात लावू नका, मग 2000 नंबरचा वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा बारीक पॉलिश पेपर) एखाद्या छोट्या कडक तुकड्याला गुंडाळून, पाणी मारत, फक्त त्या उंचवट्यावर, आणि शेवटी कंपाउंड. तापलेल्या बॉनेटवर उन्हात यातलं काहीच करू नका.

मेटॅलिक सिल्व्हरमधे टचअप जवळून दिसणारच, कोड बरोबर असला तरी, कारण रंगातले चमकीचे कण (फ्लेक्स) स्प्रेने बसतात तसे टूथपिकने बसत नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही, पत्रा झाकला गेला ना, बस.

बंपर प्लास्टिकचा असेल तर गंजाची भीतीच नाही, निवांत राहा. चेपला असेल तर उकळतं पाणी ओतून आतून दाबला की बऱ्याचदा बाहेर येतो, पण घडी पडली असेल तर ती रेष राहते. पत्र्यावर लांबी (खड्डा भरायची पुट्टी) भरायची वेळ आली, किंवा हार्डनर मिसळून मारायचा टू-के क्लिअर मारायचा असेल, तर मी सरळ पेंटरकडे जातो. टू-के क्लिअरच्या हार्डनरमधे आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही, आणि शेड बाजूच्या पॅनलवर विरवत नेणं आपल्याला जमतही नाही.