शुक्रवारी होडी कुणाची?

मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या टर्नेफ अटोलवर, म्हणजे प्रवाळाच्या कंकणाकृती बेटांवर, मी जोडप्यांचे गट घेऊन जाते. दोघांपैकी एकाला फ्लाय फिशिंगचं, म्हणजे गळाला पिसा-दोऱ्यांचं नकली आमिष (फ्लाय) लावून मासे पकडण्याचं वेड, दुसऱ्याला त्यात काडीचाही रस नाही. शनिवारी पोहोचायचं, पुढच्या शनिवारी निघायचं. मधल्या दिवसांत मासेमाराला काय लागतं हे प्रत्येक लॉजला तोंडपाठ असतं. दुसऱ्याचं काय, असं विचारलं की उत्तर येतं, 'आल्यावर बघू.' या हंगामातल्या एका शुक्रवारी एका जोडप्याच्या बाबतीत ते 'बघू' माझ्या गळ्यात आलं. तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

टर्नेफवर गुडघाभर पाण्याचे लांबच लांब पट्टे आहेत. खाली वाळू आणि समुद्री गवत, कडेला खारफुटी. आम्ही त्यांना फ्लॅट म्हणतो. बोनफिश तिथे थव्यांनी येतात. पर्मिट नावाच्या माशाची गोष्ट वेगळी. तो खेकडे शोधत येतो, डोकं खाली घालतो आणि त्याची काळी, कोयत्यासारखी शेपटी पाण्याबाहेर निघते. गाईड इंजिन बंद करून मागच्या उंच फळीवर उभा राहतो आणि लांब काठी तळाला टेकवत होडी पुढे सरकवतो. होडीचं टोक म्हणजे घड्याळातले बारा. 'दहा वाजता, पन्नास फूट,' असं तो दबक्या आवाजात सांगतो. पुढे उभ्या असलेल्याने तेवढ्यात खेकड्याची फ्लाय माशाच्या वाटेवर अलगद उतरवायची. अंगावर पडली तर मासा उधळतो, लांब पडली तर त्याला दिसतच नाही. मासा फ्लायवर झुकला की रॉड वर उचलायचा नाही, हातातली लाइन सरळ मागे खेचून गळ रुतवायचा. नदीत ट्राऊट पकडून तयार झालेले हात नेमके इथेच चुकतात. कसलेले लोकही वर्षानुवर्षं पर्मिटविना परततात. बोनफिश, टार्पन आणि पर्मिट एकाच दिवशी मिळाले तर त्याला ग्रँड स्लॅम म्हणतात. बेलीझमध्ये २००९ पासून हे तिन्ही मासे पकडले तरी सोडून द्यावे लागतात, तसा कायदाच आहे. सोडण्यासाठी पकडायचा मासा, आणि त्याच्यासाठी माणसं अर्धं जग ओलांडून येतात. मीही त्यातलीच, त्यामुळे त्या जोडप्यातल्या गृहस्थांची ओढ मला नीट कळत होती.

त्यांची पत्नी डायव्हर होत्या, हवेची टाकी पाठीवर घेऊन समुद्रात खोल उतरणाऱ्या. इथे एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. डायव्हनंतर शरीरात नायट्रोजन उरतो, त्यामुळे लगेच विमानात बसता येत नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेची शिफारस एका साध्या डायव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डायव्ह झाले असतील तर १८ तास थांबण्याची आहे. आमच्या लॉजचा नियम सरसकट २४ तासांचा. शनिवारी दुपारी बाराचं विमान असेल तर शुक्रवारी बाराच्या आत पाण्याबाहेर यायलाच हवं. म्हणजे नवऱ्याची सुट्टी शुक्रवारी संध्याकाळी संपते आणि बायकोची त्याच दिवशी दुपारी. लॉजच्या वेळापत्रकात हा फरक कुठेच नसतो.

आणखी एक. डायव्हिंगची बोट चार माणसं जमल्याशिवाय सुटत नाही. फिशिंगची होडी एका माणसासाठीही सुटते. याचं समाधानकारक कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही. आठवड्याच्या सुरुवातीला वाऱ्याने घोळ घातला, मग माणसं जमेनात. गुरुवारी चारजण जमले, तर बोटीचं इंजिन बंद पडलं. 'नवऱ्याबरोबर फ्लॅटवर जा की,' असं मॅनेजर सुचवत होते. त्या होडीत ना सावली ना शौचालय, आणि मागे भिरभिरणाऱ्या लाइनच्या टोकाला गळ असतो म्हणून दिवसभर जागचं हलायचं नाही. त्याला मी सोय म्हणत नाही.

गुरुवारी रात्री दोघांना समोर बसवून ठरवलं. ते पहाटे फ्लॅटवर जातील, साडेनऊला होडी धक्क्यावर येईल आणि तीच होडी डायव्हमास्टर त्यांच्या पत्नीसाठी घेऊन जाईल. दोघेही हो म्हणाले.

शुक्रवारी वारा पडला. आकाश निरभ्र. तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर असतो, त्यामुळे वारा आणि ऊन जुळून आलं की त्याची किंमत फार. नऊच्या आधीच रेडिओवर गाईडचा आवाज आला. पाणी चढतंय, पाच-सहा पर्मिट शेपट्या वर काढून चरताहेत. त्याचा आनंद खरा होता. पावणेदहा झाले, होडीचा पत्ता नाही. त्या वेटसूट घालून धक्क्यावर उभ्या होत्या. मी रेडिओ उचलला. गाईड म्हणाला, "हा मासा उद्या नसेल. प्रवाळाची रीफ उद्याही असेल."

"रीफ असेल. त्या नसतील. होडी आण."

त्या फ्लॅटवर त्याच्या तोडीचा गाईड मी पाहिलेला नाही. पण होडीच्या टोकावर उभा असलेला माणूस एवढाच त्याचा पाहुणा असतो. शेजारी उभे असलेले मॅनेजर हळूच म्हणाले, "टिप मासेमार देतो, हे लक्षात असू द्या." दोन माणसांचे पैसे घेणाऱ्या जागेचा सगळा कारभार त्या वाक्यात होता.

होडी दहाच्या सुमाराला आली. ते उतरले आणि म्हणाले, "एक वळला होता फ्लायकडे." पुढे काही नाही. पत्नीने विचारलं, "मी नको जाऊ?" ते जरा थांबले. मग म्हणाले, "जा."

त्या गेल्या. पूर्वेकडे प्रवाळाची भिंत सरळ गर्द निळ्यात उतरते, तिथे ठिपकेदार ईगल रे त्यांच्या अगदी जवळून गेले. बाराच्या आत त्या पाण्याबाहेर होत्या. तोवर ढग आले होते. ढगाखाली पाण्यातलं काही दिसत नाही. ते दुपारी पुन्हा गेले, पण एकही पर्मिट दिसला नाही.

संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. डायव्ह फार सुंदर झाला म्हणाल्या. मग म्हणाल्या, "खाली असताना सारखं वाटत होतं, याचा मासा मी नेला." पुन्हा तशी वेळ आली तर मी होडी पुन्हा बोलावेन, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जिथे एक होडी जास्त ठेवून भागलं असतं, तिथे एका बाईला आपल्या एकुलत्या एक डायव्हचं ओझं वाटावं, हे मला अजून पचत नाही. आणि नवऱ्याचं ते थांबणं? त्यात राग होता की नुसतं दुःख, हे मी ठरवू शकलेली नाही.

आता जोडीदाराचा फॉर्म वेगळा असतो आणि तो त्यानेच भरायचा असतो. लॉजकडून तीन गोष्टी लेखी घेते: शेवटचा डायव्ह कधी, किमान माणसं किती, बोट बिघडली तर पर्यायी कोणती. एकाने कळवलं की पाहुणे आल्यावर आपसात ठरवतात. तो लॉज मी यादीतून काढला.

त्या गृहस्थांचा मेल आला आहे. पुढच्या हंगामात तोच आठवडा हवा, तोच गाईड हवा, 'आम्ही दोघं' येतो. त्यांच्या पत्नीचा फॉर्म आलेला नाही. तो त्या स्वतः पाठवेपर्यंत तारखा राखून ठेवणार नाही, असं मी त्यांना कळवलं आहे.